अधिकाराचा बांध

शेताला बांध असतो, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावं लागत नाही. बांधाच्या अलीकडे आपण मालक. काय पेरायचं, कधी पेरायचं, ते आपण ठरवतो. पण नांगराचा फाळ बांधापलीकडे गेला की भांडण उभं राहतं. कोणी हळूहळू बांध कोरत गेला, तर आपण मोजणी आणतो. मोजणीदार येतो, नकाशा उघडतो, जुन्या खुणा शोधतो आणि सांगतो, "बांध इथे आहे."

अधिकारालाही असाच बांध असतो. तहसीलदार, जिल्हाधिकारी, पोलीस, नगरपालिका, मंत्री, या सर्वांच्या हाती सत्ता आहे. सत्तेवाचून कारभार चालत नाही. रस्ता करायचा, सारा गोळा करायचा, चोर धरायचा, तर कोणाला तरी हुकूम द्यावाच लागतो. पण प्रत्येकाच्या सत्तेला सीमा आहे. ती सीमा कोणी ओलांडली, तर मोजणी कोणी करायची? ते काम न्यायालयाचं. ते कसं चालतं, ते आम्ही या पाठात सांगणार आहोत.

हा बांध कोणी घातला?

राजेशाहीत राजाचा शब्द हाच कायदा. राजा भला असला तर प्रजा सुखी, राजा लहरी असला तर प्रजेचे हाल. दाद मागायची, तर ज्याने मारलं त्याच्याच दारात जायचं.

26 जानेवारी 1950 रोजी आपली राज्यघटना अमलात आली आणि ही रीत बदलली. आता कोणत्याही अधिकाऱ्याच्या हाती त्याची स्वतःची अशी सत्ता नाही. त्याला जी सत्ता आहे ती कायद्याने दिलेली आहे. कायद्याने जेवढी दिली तेवढीच ती आहे. आणि कायदा करणाऱ्या विधानसभेवर व संसदेवरही घटनेचा बांध आहे. घटनेने प्रत्येक माणसाला काही मूलभूत हक्क दिले आहेत. कायद्यापुढे सारे समान, हा एक हक्क. कायद्याने ठरवलेल्या रीतीशिवाय कोणाचा जीव किंवा स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही, हा दुसरा. हे हक्क मोडणारा कायदा टिकत नाही.

पण हक्क नुसते कागदावर असून काय उपयोग? म्हणून घटनेत दोन दरवाजे ठेवले आहेत. 226 व्या कलमाप्रमाणे आपल्याला उच्च न्यायालयात जाता येतं. मूलभूत हक्क मोडला असेल, तर 32 व्या कलमाप्रमाणे थेट दिल्लीला सर्वोच्च न्यायालयातही जाता येतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1948 साली घटना समितीत सांगितलं होतं, की सगळ्या घटनेतलं सर्वांत महत्त्वाचं कलम कोणतं असं विचारलंत, तर मी याच कलमाकडे बोट दाखवीन. घटनेचा प्राणच त्यांनी त्याला म्हटलं. तेव्हा त्या कलमाचा नंबर वेगळा होता. आज ते 32 वं कलम आहे.

असा जो अर्ज करतात, त्याला रिट अर्ज म्हणतात. रिट म्हणजे सरकारला किंवा अधिकाऱ्याला न्यायालयाने दिलेला हुकूम. "या माणसाला कोंडून ठेवलं आहे, त्याला आमच्यापुढे आणा," हा एक हुकूम. "हे काम करणं तुमचं कर्तव्य आहे, ते करा," हा दुसरा. "हे तुमच्या अधिकाराबाहेरचं आहे, थांबा," हा तिसरा. "तुमचा निर्णय चुकीच्या रीतीने झाला आहे, तो आम्ही रद्द करतो," हा चौथा. आणि "या खुर्चीवर तुम्ही कोणत्या हक्काने बसलात ते दाखवा," हा पाचवा. अशी पाच तऱ्हेची रिटं आहेत.

न्यायालय काय तपासतं?

पुष्कळांचा असा समज असतो, की अधिकाऱ्याचा निर्णय आपल्याला पटला नाही की न्यायालय तो बदलून देईल. तसं नाही. न्यायालय अधिकाऱ्याच्या खुर्चीवर जाऊन बसत नाही. ते काही प्रश्न विचारतं.

पहिला प्रश्न: हा हुकूम काढण्याचा अधिकार तुम्हाला होता का?

दुसरा प्रश्न: ज्याच्या विरुद्ध हुकूम काढलात, त्याचं म्हणणं आधी ऐकून घेतलंत का? आपल्याकडे पंचसुद्धा एका बाजूचं ऐकून निवाडा करीत नाहीत. मग सरकारने तसं का करावं?

तिसरा प्रश्न: तुमच्या निर्णयाला कारण आहे का? पुरावा पाहिलात का? की मनाला आलं म्हणून सही ठोकलीत?

चौथा प्रश्न: हेतू सरळ होता का? शाळेसाठी म्हणून जमीन घ्यायची आणि ती मेहुण्याला द्यायची, हा सरळ हेतू नव्हे.

या प्रश्नांची उत्तरं ठीक आली, तर न्यायालय सहसा हात लावत नाही. उत्तर चुकलं, तर हुकूम कितीही मोठ्या साहेबाचा असो, तो पडतो.

एका सरपंच बाईंची हकीकत

जळगाव जिल्ह्यातल्या एका गावची ही अलीकडची गोष्ट आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये तिथे एक बाई सरपंच म्हणून निवडून आल्या. जागा स्त्रियांसाठी राखीव होती. काही गावकऱ्यांना ते रुचलं नाही. त्यांनी जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार केली, की बाई सासूबरोबर राहतात आणि ते घर सरकारी जमिनीवर आहे.

सरकारी जमिनीवर अतिक्रमण करणाऱ्याला ग्रामपंचायतीत राहता येत नाही, असा कायदा आहे. कायदा बरोबरच आहे. पण बाईंचं म्हणणं होतं, की आम्ही त्या घरात राहतच नाही. ते घर मोडकळीला आलेलं आहे. मी नवरा व मुलांबरोबर भाड्याच्या घरात वेगळी राहते.

आता खरं काय ते तपासायला हवं होतं. पण नीट तपास न होताच बाईंचं पद गेलं. विभागीय आयुक्तांनी तोच निर्णय कायम केला. उच्च न्यायालयातही त्यांचा अर्ज टिकला नाही. तरी बाई थांबल्या नाहीत. त्या दिल्लीपर्यंत गेल्या.

27 सप्टेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. पद काढून घेण्याचे हुकूम रद्द झाले आणि उरलेल्या मुदतीसाठी बाई पुन्हा सरपंच झाल्या. लोकांनी निवडून दिलेल्या माणसाला काढणं ही हलकी गोष्ट नव्हे, असं न्यायालयाने बजावलं. एक बाई सरपंच झाली आणि गावाचे निर्णय ती घेणार, हे काही लोकांना सोसलं नाही, हेही न्यायालयाने निकालात लिहिलं. आणि अधिकाऱ्यांनी अशी प्रकरणं इतक्या बेफिकिरीने हाताळू नयेत, असं त्यांना सुनावलं.

इथे न्यायालयाने काय केलं ते नीट पाहा. अतिक्रमणाचा कायदा मोडीत काढला नाही. तो वापरण्याची रीत चुकली, ती सुधारली. कायदा चांगला असला, तरी आंधळेपणाने चालवला तर तो अन्यायच करतो.

काम न करणं हीसुद्धा चूकच

अधिकारी कधी बांध ओलांडतो, तर कधी आपलं शेत पडीक टाकतो. म्हणजे जे काम करायला नेमला, तेच करीत नाही. त्यावरही न्यायालयात इलाज आहे.

मध्य प्रदेशात रतलाम नावाचं शहर आहे. तिथल्या एका वस्तीत उघडी गटारं वाहत होती. मद्यार्काच्या कारखान्याचं घाण पाणी रस्त्यावर येई. गोरगरिबांना संडासच नव्हते, त्यामुळे ते रस्त्याकडेला बसत. डासांनी आणि दुर्गंधीने माणसं हैराण झाली. त्यांनी 1972 साली मॅजिस्ट्रेटकडे तक्रार केली. मॅजिस्ट्रेटने नगरपालिकेला गटारं बांधायचा हुकूम दिला. नगरपालिकेने गटारं बांधण्याऐवजी वरच्या कोर्टात दाद मागितली आणि भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलं. तिचं म्हणणं एकच: आमच्याजवळ पैसा नाही.

29 जुलै 1980 रोजी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर आणि न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी निकाल दिला. पैसा नाही ही सबब त्यांनी ऐकली नाही. लोकांचं आरोग्य राखण्यासाठीच नगरपालिका असते. तेच काम पैशाच्या नावाखाली टाळता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. गटारं बांधा, संडास बांधा, कारखान्याचं पाणी थांबवा, असे हुकूम झाले. हे हुकूम मिळवायला लोकांना आठ वर्षं लागली, हेही आम्ही लपवीत नाही. न्यायाची वाट लांब असते. पण ती वाट आहे.

फुटपाथवरची माणसं

1981 सालच्या पावसाळ्याची गोष्ट. मुंबईत फुटपाथवर आणि झोपड्यांत राहणाऱ्या लोकांना उठवून आपापल्या गावी धाडायचं, असं सरकारने जाहीर केलं. भर पावसात झोपड्या मोडायला सुरुवात झाली.

ही माणसं हौसेने फुटपाथवर आली नव्हती. त्यांतला एक तामिळनाडूच्या सेलम भागातला भूमिहीन मजूर होता. दुष्काळाने काम गेलं म्हणून तो 1961 साली मुंबईला आला होता. गावी काम असतं, तर कोण फुटपाथवर निजेल? काही लोक त्यांच्या बाजूने न्यायालयात गेले.

महापालिका म्हणाली, "नोटीस न देता अतिक्रमण हटवायची सत्ता आम्हाला 1888 च्या कायद्याने दिली आहे." त्यावर 10 जुलै 1985 रोजी पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी तो लिहिला. ते जन्माने पुण्याचे. त्यांनी सांगितलं, की जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्कही येतो. माणसाचा रोजगार तोडला, तर त्याचं जगणंच तुटतं. म्हणून महापालिकेने ही सत्ता जपून वापरावी. एरवी नोटीस द्यावी, म्हणणं ऐकून घ्यावं, मगच हात घालावा.

पण त्यांनी दुसरंही सांगितलं. फुटपाथ चालणाऱ्यांसाठी आहे. त्यावर घर करण्याचा हक्क कोणालाच नाही. महापालिकेचा तो कायदाही त्यांनी रद्द केला नाही. मात्र पावसाळा संपून 31 ऑक्टोबर येईपर्यंत कोणाला हलवू नका, असं बजावलं. ज्यांच्याजवळ 1976 च्या मोजणीची ओळखपत्रं होती, त्यांना दुसरी जागा द्या, असंही सांगितलं.

म्हणजे निकाल धड एका बाजूचा नव्हता. झोपडीवाल्यांना हवं ते सगळं मिळालं नाही. पण माणसाला न विचारता उचलून फेकता येत नाही, हे देशभर ठरून गेलं.

न्यायालयालाही बांध आहे

मोजणीदार बांध दाखवतो, पण शेत कसत नाही. ज्वारी पेरा की कापूस, हे तो सांगत नाही. न्यायालयाचंही तसंच. धरण कुठे बांधायचं, कर किती बसवायचा, पैसा कशावर खर्चायचा, हे ठरवणं निवडून दिलेल्या सरकारचं काम. ते पटलं नाही, तर त्याची जागा मतपेटी, मोर्चा, ग्रामसभा.

नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या वेळी हेच दिसलं. या धरणाच्या पाण्याखाली आपल्या नंदुरबार जिल्ह्यातली अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली आदिवासी गावंही जाणार होती. नर्मदा बचाव आंदोलन सर्वोच्च न्यायालयात गेलं. काही वर्षं काम थांबलंही. पण 18 ऑक्टोबर 2000 रोजी तीनपैकी दोन न्यायमूर्तींनी ठरवलं, की धरण बांधायचं की नाही हा सरकारचा निर्णय आहे, त्यात आम्ही शिरणार नाही. मात्र उंची वाढेल तसतसं लोकांचं पुनर्वसनही झालं पाहिजे. तिसऱ्या न्यायमूर्तींचं मत वेगळं होतं. ज्यांची घरंदारं बुडाली, त्यांना या निकालाने फार दुःख झालं. ते दुःख खरं होतं. पण न्यायालयाची सत्ताही कुठे संपते, ते या निकालावरून कळतं.

मोजणीच चुकली तर?

न्यायमूर्ती हीसुद्धा माणसंच. त्यांचीही चूक होते.

जून 1975 मध्ये देशात आणीबाणी आली. हजारो लोकांना खटला न चालवता तुरुंगात टाकलं. त्यांच्या वतीने अर्ज झाले. नऊ उच्च न्यायालयं म्हणाली, की अटक कायद्याला धरून आहे की नाही, एवढं तरी आम्ही पाहू. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. 28 एप्रिल 1976 रोजी पाचपैकी चार न्यायमूर्तींनी सांगितलं, की आणीबाणीत अशी दादच मागता येत नाही. म्हणजे गरज सर्वांत मोठी होती, तेव्हाच दार बंद झालं. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरुद्ध उभे राहिले. पुढे सरन्यायाधीश होण्याची त्यांची पाळी होती. ती जागा 1977 साली दुसऱ्याला दिली गेली. खन्नांनी राजीनामा दिला.

त्या चार न्यायमूर्तींत यशवंत चंद्रचूडही होते. फुटपाथवरच्या माणसांचा निकाल नऊ वर्षांनी लिहिला, तेच हे. आणि 2017 साली नऊ न्यायमूर्तींनी मिळून तो 1976 चा निकाल चुकीचा ठरवला. त्या नऊ जणांत त्यांचेच पुत्र धनंजय चंद्रचूड होते. वडिलांनी ज्यावर सही केली, ते चूक होतं, असं मुलाने निकालात लिहिलं. कायद्यापुढे नातं मध्ये आलं नाही. चूक सुधारायला एकेचाळीस वर्षं लागली, पण ती सुधारली.

आपण काय करावं?

आता कामाच्या चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, कागद जपा. नोटीस आली तर ती फाडू नका, चुलीत घालू नका. तारीख पाहा. मुदतीत लेखी उत्तर द्या आणि पोच घ्या. "मी साहेबांना तोंडी सांगितलं होतं," याला कोर्टात आधार राहत नाही. एखाद्या हुकुमाची नक्कल मिळत नसेल, तर 2005 च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने अर्ज करून ती मागता येते.

दुसरी गोष्ट, पायरी सोडू नका. खालच्या अधिकाऱ्याच्या हुकुमावर वरच्याकडे अपील असतं. आधी ते करा. अपिलाची वाट असताना ती टाकून गेलात, तर उच्च न्यायालय बहुधा परत पाठवतं. आणि उशीर करू नका. वर्षानुवर्षं गप्प बसून मग जाणाऱ्याला न्यायालय विचारतं, "इतके दिवस कुठे होता?"

तिसरी गोष्ट, रिट अर्ज तालुक्याच्या कोर्टात होत नाही. त्यासाठी उच्च न्यायालय. आपलं उच्च न्यायालय मुंबईला आहे. नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोवा इथे त्याची खंडपीठं आहेत. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरलाही सर्किट बेंचचं काम सुरू झालं. त्यामुळे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतल्या लोकांची मुंबईची खेप वाचली.

चौथी गोष्ट, पैसा नाही म्हणून घरी बसू नका. 1987 च्या कायद्याने गरजूंना सरकारी खर्चाने वकील मिळतो. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती आणि जमातींचे लोक, अपंग, तुरुंगातले कैदी, यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला विधी सेवा प्राधिकरण असतं. तिथे जाऊन विचारा. 15100 या नंबरावर फोन करूनही सल्ला मिळतो.

आणखी एक सांगायचं राहिलं. बांध फक्त साहेबांच्या अधिकाराला नाही, तो आपल्यालाही आहे. उद्या आपल्यापैकीच कोणी पंच होईल, सरपंच होईल, सोसायटीचा चेअरमन होईल. तेव्हा सही करण्याआधी त्याने तेच चार प्रश्न स्वतःला विचारावेत. मला हा अधिकार आहे का? समोरच्याचं ऐकलं का? कारण आहे का? माझा हेतू सरळ आहे का?

ज्या गावात हे प्रश्न चावडीवरच विचारले जातात, त्या गावाला कोर्टाची पायरी फारशी चढावी लागत नाही.